आगाशीवरून रेल्वे गेली असती तर...

आमच्या आगाशीत एक प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. रेल्वे विरारवरून न जाता आगाशीवरून गेली असती तर? विरार स्टेशनवरून अर्नाळ्याची बस धरली की पश्चिमेला चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव लागतं. जुन्या काळी नाव होतं ते आगाशीचं. इथे बंदर होतं, लाकडाचा व्यापार होता, जहाजं बांधली जायची. १५३० च्या सुमारास पोर्तुगीज आरमार गुजरातच्या सुलतानाच्या मुलखावर चालून आलं, तेव्हा त्यांनी आगाशी जाळली. आमचे एक जुने मास्तर म्हणायचे, "जाळायला आले म्हणजे जाळण्यासारखं काहीतरी होतं ना!" गावाचा अभिमान बाळगायला माणसाला काहीही पुरतं.

पुढे १८६४ मध्ये रूळ मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोचले. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेपर्यंत रोज एक गाडी सुरू झाली. सकाळी जायची, संध्याकाळी यायची. पण ती आमच्या पूर्वेकडून. आज साऱ्या मुंबईला 'विरार फास्ट' माहीत आहे. 'आगाशी फास्ट' नाही. म्हणून कट्ट्यावर हळहळ. आपल्याकडून रेल्वे गेली असती तर आपणही कुठल्या कुठे पोचलो असतो!

श्रोतेहो, हा खेळ गंमत म्हणून का होईना, एकदा नीट खेळून पाहू. रूळ आगाशीवरून गेले असते. स्टेशन आलं असतं. स्टेशनामागून चाळी, चाळींमागून चार मजल्यांच्या इमारती, आणि त्यांच्यामागून पाण्याचे टँकर आले असते. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या आधी कुंपणापुरत्या उरल्या असत्या, मग तेवढ्याही नाही. आगाशीची सुकेळी कोणी केली असती? राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधायची, याला ऊन लागतं आणि अंगण लागतं. मग रविवारी आगाशीची माणसं पिशव्या घेऊन विरारला गेली असती. तिथे म्हणे अजून वाड्या आहेत, विहिरीला गोडं पाणी आहे, सुकेळी मिळतात! आणि विरारच्या कट्ट्यावर कोणीतरी हळहळत बसला असता, की रेल्वे आपल्याकडून गेली असती तर...

अर्थात हे चित्रही मी माझ्या सोयीचंच रंगवलं. वाड्या वाचल्या हे मला आवडतं, म्हणून मी वाड्यांपाशी थांबले. ज्याला रोज पहाटे बसने विरार गाठून मग गाडीत लोंबकळायचं आहे, त्याला विचारलं तर तो दुसरं चित्र रंगवेल. त्याच्या चित्रात रोजचा एक तास वाचलेला असेल, आणि तो एक तास काही कमी मोलाचा नाही.

इतिहासात जर-तरला जागा नाही, असं आपल्याला शाळेत शिकवलं गेलं. मी स्वतः अनेक वर्षं इतिहास शिकवला आणि मीही हेच वाक्य फळ्यासमोर उभी राहून म्हटलं. ई. एच. कार या इंग्रज इतिहासकाराने १९६१ मधल्या आपल्या गाजलेल्या व्याख्यानांत याला दिवाणखान्यातला खेळ म्हटलं. ज्यांना घडलेलं रुचत नाही त्यांनाच या खेळाची गोडी, असा त्यांचा रोख होता. पण मोठमोठ्यांना हा खेळ सुटलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी लिव्ही या रोमन इतिहासकाराने आपला ग्रंथ मध्येच थांबवून प्रश्न केला, की अलेक्झांडर पूर्वेला न येता रोमवर चालून गेला असता तर? पानंच्या पानं खर्चून त्याने काय उत्तर काढलं? रोमच जिंकलं असतं! रोमन माणूस, रोमन वाचक. दुसरं काय निघणार? १९३१ मध्ये लंडनमध्ये असल्या लेखांचं एक पुस्तकच निघालं. त्यात चर्चिलसाहेबांनी एक चलाखी केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल ली गेटिसबर्गची लढाई हरला, हे आपल्याला ठाऊक आहे. चर्चिल लिहितात ते तो जिंकला अशा जगात बसून, आणि मग विचारतात, तो जिंकला नसता तर? म्हणजे खऱ्या जगालाच त्यांनी कल्पना करून टाकलं.

मराठीत हा खेळ सर्वांत सुंदर खेळले ते डॉ. जयंत नारळीकर. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अनेकांनी वाचली असेल. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, चाटून जाते, आणि मराठे जिंकतात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात जाऊन पोचतात. मराठी माणसाला पानिपत जिंकून देणं हे काही कठीण नाही. आपण सगळेच मनातल्या मनात ते रोज जिंकतो. नारळीकरांनी पुढचा प्रश्न विचारला, की जिंकून केलं काय? त्यांच्या कथेतले पेशवे विज्ञानाच्या संस्था काढतात, कारण युरोपात काय चाललं आहे ते त्यांना उमगतं. म्हणजे गोळी चुकणं हा योगायोग, पण त्यानंतरचं शहाणपण कमवावं लागलेलं. शिवाय त्या जिंकलेल्या जगातही मुंबई इंग्रजांच्याच ताब्यात आहे. आणि एवढे विद्वान गंगाधरपंत एका सभेत भाषण करायला उभे राहतात, तर भाषणांना कंटाळलेले श्रोते त्यांना बोलू देत नाहीत. आकाशवाणीच्या बंद खोलीत बसून बोलताना मला हा प्रसंग हटकून आठवतो. इथे बरं असतं, श्रोते दिसत नाहीत.

लिव्ही आणि नारळीकर यांच्यात फरक आहे तो हाच. एकाच्या जर-तरमधून प्रश्न विचारणाऱ्याला शाबासकी मिळते. दुसऱ्याच्या जर-तरमधून त्याला काम मिळतं.

हे काही इतिहासापुरतंच नाही. कुठल्याही मोठ्या स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर पाहा. स्वतःला घडवा, यशस्वी व्हा, पहाटे उठा, अशी पुस्तकं रांगेने मांडलेली असतात. माझा त्यांच्यावर राग नाही. पहाटे उठणं चांगलंच. पण ती पुस्तकं घेणारे आपण मनात काय घोळवत असतो? मी विज्ञान शाखेला गेले असते तर. वडिलांनी तेव्हा दादरची ती खोली घेतली असती तर. त्या साहेबाशी भांडलो नसतो तर. त्या दुसऱ्या आयुष्यातले आपण नेहमी सडसडीत, श्रीमंत आणि शांत स्वभावाचे असतो. तिथे आपल्याला कधी मूळव्याध होत नाही की मुलगा नापास होत नाही. दादरची खोली घेतली असती तर तिच्यावरून भावाभावांत कोर्टकज्जा झाला असता, हे काही कोणी मनात घोळवत नाही. राष्ट्राचं जर-तर आणि माणसाचं जर-तर ही सख्खी भावंडं आहेत. दोघांनाही आरशात फक्त आपली चांगली बाजू पाहायची असते.

तरीही हा खेळ निरुपद्रवी म्हणून सोडून दिला असता. आमच्या वसईत मात्र तो नेहमीच निरुपद्रवी राहत नाही. इथली जमीनच जर-तरने भरलेली आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय इतका नाखूश, की बेट प्रत्यक्ष ताब्यात द्यायला १६६५ उजाडलं. इंग्लंडच्या राजाला तरी त्या बेटाचं काय कौतुक! १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. आता आंदणात मुंबईऐवजी वसई दिली असती तर? हायकोर्ट वसईच्या किल्ल्यात आणि मुंबईत कोळीवाडे नि नारळीच्या बागा. असले प्रश्न चहाबरोबर चालतात.

पण १७३९ आलं की चहा थंड होतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या वाचनालयात मी या मोहिमेवर बोलले. सुरुंग, खिंडारं, तह, सगळं सांगून झालं. नंतर प्रश्नोत्तरं. एका तरुणाने विचारलं, "चिमाजी अप्पा आले नसते तर?" प्रश्न चांगला होता. पण उत्तराची वाट न पाहता तो मागच्या रांगेकडे वळला. तिथे बागायतदार मंडळी बसली होती, त्यांत काही ख्रिस्ती. तो म्हणाला, "आणि पोर्तुगीज आले नसते तर हे लोक आज कोण असते, तेही सांगा."

सभागृहात शांतता पसरली. ही शांतता इतिहासाच्या तासाला पसरते तशी नव्हती. मागच्या रांगेतले एक सत्तरीचे गृहस्थ उठले. "पोरा, पोर्तुगीज आले नसते तर आज पहाटे मी उठलो असतो, मोगरा खुडला असता आणि पहिल्या गाडीने दादरला पाठवला असता. आले म्हणून काय केलं? तेच केलं." एवढं बोलून ते खाली बसले. लोक हसले. तो तरुणही हसला, जरा ओशाळून.

हसण्यावर निभावलं खरं, पण प्रश्न मला पुरा झाल्यासारखा वाटला नाही. त्या आजोबांचं उत्तर समंजस होतं, पण पूर्ण नव्हतं. पोर्तुगीज आले नसते तर त्यांचं नाव वेगळं असतं, प्रार्थना वेगळी असती. त्या दोनशे वर्षांत धर्मांतरं झाली, त्यांत जबरदस्तीही होती, देवळं पडली. हे झाकायचं कारण नाही. आणि १७३९ ने खूप काही बदललं हेही खरं. वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं गेलं, वसईच्या चर्चमधल्या घंटा देशावरच्या देवळांत जाऊन वाजू लागल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच म्हणतात.

पण जर-तर खेळायचं तर त्याचा एक नेम पाळावा लागतो. पटावरची एक सोंगटी उचलली की तिची जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरी येऊन बसते. पोर्तुगीज नसते तर वसईत कोण असतं? आपण मनात धरतो की कोणीच नाही. आपण, आपल्या वाड्या आणि सुखशांती. तसं नाही. बहादूरशहाचं राज्य असतं, आणि १५७३ मध्ये अकबराने गुजरात घेतल्यावर बहुधा मोगलांचं. चिमाजी अप्पा आले नसते तर? १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं, तेव्हा त्यांची घाई एवढ्यासाठीच होती की गेलेला मुलूख परत घ्यायला पोर्तुगीज आरमार येतं आहे, अशी खबर लागली होती. म्हणजे इंग्रजांची नजर या मुलखावर होतीच. मराठ्यांनी वसई घेतली नसती तर ती पुढेमागे इंग्रजांच्याच घशात गेली असती, असा माझा अंदाज. ज्या वसईसाठी हजारो माणसं पडली, तिथेच १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून राज्याची दोरी त्यांच्या हाती दिली. चिमाजी अप्पांच्या माणसांचं शौर्य याने कमी होत नाही. पण आपला विजय हा इतिहासाचा शेवटचा मुक्काम नसतो, हे वसईइतकं दुसरं कोणतं गाव सांगत नसेल.

आणि मागच्या रांगेतली माणसं? १७३९ च्या तहाच्या कलमांतच मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. जिंकणाऱ्याने ती दिली होती. तरुणाला चिमाजी अप्पा हवे होते, पण त्यांच्या तहातलं हे कलम त्याच्या गावी नव्हतं. आमच्याकडे कादोडी बोली सामवेदी ब्राह्मणांच्या घरी बोलतात आणि कुपारी ख्रिस्ती कुटुंबांतही बोलतात. चुलीजवळ बसून डोळे मिटले तर घर कोणाचं ते नुसत्या बोलीवरून ओळखता येत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या शेजारच्या नंदाखालचे. त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं, वसईचं पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी आंदोलनं केली. २०१९ मध्ये त्यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा विरोधाचे सूर उठलेच. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या संमेलनात, म्हणजे आताच्या धाराशिवला, ते अध्यक्ष म्हणून बसले. २०२४ मध्ये ते गेले. वाचनालयातला तो प्रश्न म्हणजे त्याच सुरांचा एक तुकडा होता. 'तुम्ही कोण असता' हा प्रश्न जेव्हा दुसऱ्याला विचारला जातो, तेव्हा त्यात कुतूहल नसतं. तोच प्रश्न स्वतःला विचारून पाहा. मी त्या काळी वसईत असते, घरात चार तोंडं खाणारी असती आणि दारात बंदूकवाला उभा असता, तर मी काय केलं असतं? माझं उत्तर मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं म्हणणाऱ्याचा मला फारसा भरवसा वाटत नाही.

आमच्या परिसरात जर-तरचा याहून जुना, याहून चांगला एक नमुना आहे. आगाशीपासून सायकलने जावं इतक्या अंतरावर सोपारा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकलला. त्याच वर्षी त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक फुटका तुकडा मिळाला. नंतर १९५६ मध्ये भुईगावला काळ्या दगडावर नवव्या लेखाचा तुकडा सापडला. तुकड्यांवर अक्षरं थोडीच, पण हे लेख देशात इतर ठिकाणी पुरे सापडलेले असल्याने काय लिहिलं होतं ते कळतं.

आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करीत, मौज करीत. मी राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो. तेव्हापासून माझ्या यात्रांचं स्वरूप बदललं. आता यात्रेत ब्राह्मणांना आणि श्रमणांना भेटणं, वृद्धांना दान देणं, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून बोलणं. बस, एवढंच. मी थोर झालो, असं तो म्हणत नाही. सुट्टीत कुठे जायचं ते त्याने बदललं आणि वर्षासकट लिहून ठेवलं. स्टेशनवरच्या स्टॉलवर हे पुस्तक खपणार नाही, पण स्वतःला सुधारणं म्हणजे बहुतेक वेळा इतकंच असतं.

नवव्या लेखात तो म्हणतो, लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. आणि बायका तर फारच क्षुल्लक विधी करतात! (बावीसशे वर्षांपूर्वीही बोल बायकांनाच.) करावेत, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं, गुरुजनांचा मान राखणं, जिवांविषयी संयम, दान. शाहबाजगढी आणि मानसेरा इथल्या पाठांत याच्या पुढे चक्क जर-तर येतं. विधींचं काय, त्यांनी काम होईल किंवा होणारही नाही. पण धर्माने वागलं आणि इथे हेतू साधला नाही, तरी पुढे पुण्य आहेच. आणि साधला तर दोन्ही लाभ. राजाने दगडावर कोरलेलं हे जर-तर मागे पाहत नाही. उद्या नोकराशी कसं वागायचं, एवढ्याचा हिशेब मांडतं.

आठवा आणि नववा मिळाले, म्हणजे सोपाऱ्याला सगळे चौदा लेख असावेत असं अभ्यासक मानतात. बाकीचे कुठे गेले? कुठल्या वाड्याच्या पायात, कुठल्या विहिरीच्या काठाला, कुठल्या धुण्याच्या दगडात? मला त्यांतला तेरावा हवा आहे. त्यात कलिंगाच्या युद्धाचा हिशेब आहे. एक लाख मारले गेले, दीड लाख लोक पकडून नेले गेले, आणि त्याच्या कितीतरी पट नंतर मेले. त्यांच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्शाइतके लोक जरी आज तसे मेले, तरी मला ते दुःखाचं वाटेल, असं जिंकलेला राजा म्हणतो. गंमत अशी, की खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा लेख कोरलाच नाही. जिथे घडलं तिथे सांगण्याची त्याची हिंमत झाली नाही की तिथल्या लोकांना पुन्हा ते वाचायला लावणं त्याला बरं वाटलं नाही? यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे.

भुईगावला तुकडा सापडला, तसा उद्या एखादी विहीर उपसताना आमच्याकडे तेरावा सापडला तर? त्यावरची अक्षरं ब्राह्मी असतील, आपल्यापैकी कोणालाही वाचता येणार नाहीत. तेव्हा वाडीत खणताना काळा दगड लागला आणि त्यावर रेघोट्या दिसल्या, तर घमेल्यात भरून रस्त्याच्या भरावात टाकू नका, कोणाला तरी दाखवा.